तिसरी चौकट झाकून बघा

पेपरातली कार्टूनची पट्टी कापून वहीत लावून ठेवायची असेल तर ती त्याच दिवशी कापू नका. घरात कुणाचा तरी पेपर वाचायचा राहिलेला असतो. पट्टीच्या पाठीला कुणाचं शब्दकोडं असतं, कुणाच्या मृत्यूची बातमी असते, नाहीतर तियात्राची, म्हणजे कोकणी नाटकाची, जाहिरात असते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत गेला आणि पाठोपाठ पेपर पडला की मी पट्टी वाचतो आणि पेपर घरच्यांच्या हवाली करतो. कात्री दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. ही शिस्त लावून घेतली की घरात वही टिकते. नाहीतर आठ दिवसांत कुणीतरी वैतागतं आणि छंद बंद पडतो.

मी १९८४ पासून १९९७ पर्यंत पणजीतल्या एका दैनिकात पेस्टअपला होतो. आताच्या मुलांना हे काम सांगावं लागतं. मजकूर टाइपसेट होऊन ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदाच्या, लांब पट्ट्यांवर यायचा. त्या कापायच्या, मागे रबर सोल्युशन लावायचं आणि फिक्या निळ्या रेघा छापलेल्या मोठ्या कागदावर सरळ चिकटवायच्या. निळी रेघ कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून निळी. त्या पानाची निगेटिव्ह, निगेटिव्हवरून प्लेट, आणि प्लेट मशिनवर. रात्री दोनच्या सुमारास गठ्ठे घेऊन जीप फोंड्याकडे निघायची. मी त्या गठ्ठ्यांवर बसून मार्दोळला घरी यायचो. खाली कागद अजून कोमट असायचा आणि शाईचा वास कपड्यांना लागायचा.

पट्ट्यांचं पाकीट आठवड्याला एकदा यायचं. सिंडिकेटकडून, म्हणजे पेपरांना पट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेकडून, सहा दिवसांच्या पट्ट्या एका कागदावर छापून यायच्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख. ते पाकीट मी स्वतः फोडायचो. पुढच्या आठवड्याच्या पट्ट्या गावात सगळ्यांच्या आधी मी वाचलेल्या असायच्या, पण घरी एकही सांगायचो नाही. पट्टीची गोडी रोज एक मिळण्यात आहे हे मला तिथे कळलं. सहा पट्ट्या एकदम वाचल्या की चौथीपासून हसू येत नाही.

कोणती पट्टी निवडायची

सुरुवातीला एकच निवडा, फार तर दोन. पेपरात छापून येतं ते सगळं कापायला लागलात तर पंधरा दिवसांत वही रद्दीसारखी दिसेल. आणि निवडण्याआधी पट्टीची जात ओळखा, कारण चिकटवायची पद्धत त्यावर ठरते.

एक जात रोजच्या रोज संपणारी. आपल्या मराठीतलं ठळक उदाहरण चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये तो सुरू केला. माझी बहीण पुण्याला दिली आहे. ती चिंटू कापून महिन्याचे महिने एका लिफाफ्यात घालून पाठवायची, आणि लिफाफा आला की घरात सगळ्यांची आधी त्यावर झडप. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशी काकू ही माणसं आम्ही पुण्याला न जाता ओळखत होतो. चिंटूमध्ये मला आवडतं ते त्याचं मराठी. ते आईशी बोलायचं मराठी आहे, अर्ध्यात तुटणारं, ‘अगं पण’ने सुरू होणारं. भाषांतरित पट्टीत हे कधीच जमत नाही. ब्रोमाइडवर भाषांतर चिकटवताना फुग्यात मराठी वाक्य मावायचं नाही, मग उपसंपादक शब्द कापायचे, आणि बोलणं तारेसारखं व्हायचं. म्हणून मूळ मराठीत काढलेली पट्टी मिळाली तर तीच आधी घ्या.

दुसरी जात क्रमशः चालणारी. वेताळ घ्या, म्हणजे इंग्रजीतला ‘फँटम’. ली फॉक यांनी तो १९३६ मध्ये सुरू केला. अशा पट्टीची बांधणी बघण्यासारखी असते. पहिल्या चौकटीत काल काय झालं त्याची आठवण, मधल्या चौकटीत गोष्ट अर्धं पाऊल पुढे, आणि शेवटच्या चौकटीत दारामागे सावली. इतकंच. रोज अर्धं पाऊल. ही कापायची तर एकही दिवस चुकवून चालत नाही. एकदा मी बुधवारची पट्टी मंगळवारच्या पानावर लावली. पान छापून गेलं. दुपारी म्हापशाहून एक म्हातारे गृहस्थ बसने ऑफिसात आले. छत्री दाराशी ठेवली, खिशातून दोन दिवसांची कात्रणं काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि विचारलं, “हा माणूस दोरीला बांधलेला होता, तो सुटला कधी?” मी उठून उभा राहिलो आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी राहिलेल्या मंगळवारच्या पट्टीची प्रत मागितली. मी सिंडिकेटच्या कागदावरून झेरॉक्स काढून दिली. त्यांनी ती घडी न घालता, सरळ, पेपराच्या मध्ये ठेवून नेली. कात्रण कसं न्यावं हे मी त्यांच्याकडून शिकलो.

तिसरी जात म्हणजे एकाच चौकटीचं चित्र. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून टाइम्समध्ये उभा राहिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. आपले मारिओ मिरांडा लोटलीचे. त्यांच्या चित्रात तर माणसांची जत्रा. ही चित्रं मला जिवाभावाची आहेत, पण ती पट्टीच्या वहीत लावू नका, त्यांना वेगळी वही करा. पट्टी डावीकडून उजवीकडे काळासारखी सरकते. मारिओंचं चित्र गावच्या बाजारासारखं, डोळा वाटेल तिथून आत शिरतो. दोन्ही एका पानावर आली की एकाचा वेग दुसऱ्याला मारतो. मात्र मारिओंची एक गोष्ट पट्टीवाल्यांनी घ्यावी. ते तरुणपणी चित्रांची डायरी लिहायचे, तारीखवार, घरातली, वाड्यावरची माणसं काढून. १९४९, १९५० आणि १९५१ च्या त्या डायऱ्या आता पुस्तकरूपाने बघायला मिळतात. रोज थोडं आणि तारखेसकट, हेच आपल्या वहीचं सूत्र.

कापणं आणि चिकटवणं

कात्रीपेक्षा स्टीलची पट्टी आणि कटर बरा. खाली जुना पुठ्ठा घ्या. चौकटीच्या काळ्या रेघेवरून कापू नका. रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर पांढरं सोडा. चौकटीची रेघ ही चित्राचीच रेघ आहे. कापण्याआधी, हो, आधी, मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलने तारीख लिहा. बॉलपेनने लिहिलंत तर न्यूजप्रिंटमधून पुढे उमटतं.

वही चित्रकलेची घ्या, जाड कागदाची. चार कॉलमची पट्टी साधारण सोळा-सतरा सेंटिमीटर रुंद असते. ए-फोर आकाराच्या पानावर एकाखाली एक चार व्यवस्थित बसतात, मध्ये लिहायला जागा राहते. आठवड्याच्या सहा पट्ट्या असतील तर एका पानावर तीन लावा आणि समोरच्या पानावर तीन. वही उघडली की एक आठवडा समोर.

आता गोंद. सेलोटेप अजिबात नको. दोन-चार वर्षांत ती पिवळी पडते, चिकटपणा कागदात उतरतो, टेप सुटून येते आणि तेलकट डाग तेवढा मागे राहतो. रबर सोल्युशनचंही तेच. मी तेरा वर्षं त्याच्यावर पोट भरलं, पण माझी पहिली वही त्यानेच खराब केली. चिकटवलेल्या जागी पट्ट्या तपकिरी झाल्या आहेत. ऑफिसातलं पान एका रात्रीपुरतं टिकवायचं असतं, तिथे ते ठीक होतं.

घरची खळ करा. दोन मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत ठेवायचा. आधी ती दुधासारखी पांढरी असते, मग घट्ट होते, आणि मग तिच्यावर चकाकी येऊन थोडी पारदर्शक दिसते. तिथे उतरवा. गार झाल्यावर वापरा. आमच्या बाइंडिंगवाल्याकडे खळीत मोरचूद टाकायचे, किडा लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे, घरात मुलं असताना टाकू नका. त्यापेक्षा थोडीच खळ करा आणि दोन दिवसांत संपवा.

पूर्ण पाठीला खळ लावू नका. न्यूजप्रिंट ओला झाला की फुगतो, वाळताना सुरकुततो, आणि शाई धरलेल्या चेहऱ्यांवर घड्या पडतात. फक्त वरच्या कडेला, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. पट्टी वरून धरलेली, खालून मोकळी. वर कोरा कागद, त्यावर दिवाळी अंकांचा गठ्ठा, रात्रभर. असं केल्याने पट्टी उचलून मागची बाजूही बघता येते, आणि ती बघण्यासारखी असते. माझ्या एका जुन्या पट्टीमागे फेरीबोटीच्या वेळापत्रकाचा उजवा अर्धा भाग आहे. त्यात मांडवीवर पूल कोसळल्यानंतरच्या वर्षांतलं आमचं येणं-जाणं अडकून राहिलं आहे. १९८६ मध्ये तो पूल पडला आणि आम्ही कितीतरी दिवस बोटीतच पेपर वाचले.

पावसाळा

गोव्यात हा सगळ्यात मोठा प्रश्न. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागद आंबट होत जातो आणि शेवटी कडेने तुटतो. त्यावर आपल्याकडचा ओलावा म्हणजे बुरशी, आणि बुरशीमागून कसर.

मे महिन्याच्या शेवटी वह्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात, भिंतीला टेकणार नाहीत अशा ठेवा. जमिनीलगतचा खण नको, तिथे वाळवी येते. वेखंडाची पुरचुंडी आणि सिलिका जेलच्या पुड्या वहीजवळ ठेवा, पण पानांत घालू नका. पाऊस चालू असताना नवी पट्टी चिकटवू नका. लिफाफ्यात तारखेने ठेवा आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन आकाश उघडलं की सगळ्या एकदम लावा. ऑक्टोबरात वह्या बाहेर काढून वाऱ्यावर पान पान उलटा. उन्हात ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. उन्हाने बुरशी जाईल पण कागदही पिवळा होईल. बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सावलीत, एक सकाळभर.

फार जवळच्या पट्ट्यांची चांगल्या पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवा. राखाडी छटा असलेल्या चित्रांत बारीक ठिपके असतात, झेरॉक्समध्ये ते काळे डाग होतात. अशांचा फोटो खिडकीच्या उजेडात, फोन अगदी सरळ वर धरून काढा.

आता वाचणं

कापणं-चिकटवणं कुणीही शिकेल. मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे.

ऑफिसात एका रात्री साडेअकराला जाहिरात आली. आतल्या पानावर जागा करायची होती. पट्टी चार चौकटींची, ती अशी. पहिल्या चौकटीत बाप विचारतो, गृहपाठ झाला? दुसरीत मुलगा म्हणतो, झाला. तिसरीत दोघं नुसते उभे, बाप बघतोय, मुलाच्या कपाळाजवळ घामाचा एक थेंब. चौथीत मुलगा वही उघडून बसलेला. वरच्या साहेबांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्या तिसऱ्या चौकटीत काही लिहिलेलंच नाही. ती काढ, बाकी तीन बसतील.” मी सांगून पाहिलं. वेळ नव्हता. मी कटर घेतला आणि ती काढली.

सकाळी छापलेल्या पेपरात बघितलं. गृहपाठ झाला? झाला. आणि मुलगा गृहपाठ करत बसलेला. कुणाला काही कळलं नसतं. मुलगा खोटं बोलला, बापाला ते कळलं, बाप ओरडला नाही, आणि न ओरडल्यामुळेच मुलगा बसला, हे सगळं त्या न लिहिलेल्या चौकटीत होतं. ती कापलेली चौकट मी खिशात घालून घरी आणली होती. माझ्या वहीत ती त्या तीन चौकटींच्या शेजारी लावलेली आहे.

म्हणून पट्टी वाचायची माझी रीत अशी. एकदा नेहमीसारखी वाचा. मग पोस्टकार्डाचा तुकडा घेऊन तिसरी चौकट झाका आणि पुन्हा वाचा. शेवटची झाकून अंदाज करायचा खेळ सगळेच खेळतात. तिसरी झाकली की काढणाऱ्याचा हात दिसतो. पट्टी तशीच चालत असेल, तर ती चौकट भरतीची होती. पट्टी मोडली, तर काढणाऱ्याने तिथे श्वास ठेवला होता.

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’वर हे करून बघा. ती २ ऑक्टोबर १९५० ला सात पेपरांत सुरू झाली. पहिल्याच पट्टीत दोन लहान मुलं कडेला बसली आहेत आणि चार्ली ब्राउन समोरून जातोय. मुलगा म्हणतो, हा आला आपला चार्ली ब्राउन. मग म्हणतो, भला चार्ली ब्राउन. तिसऱ्या चौकटीत पुन्हा तेच, भला चार्ली ब्राउन. चौथ्यात, तो गेल्यावर, कपाळाला आठ्या घालून: मला त्याचा किती राग येतो! तिसरी झाका. वाक्य तर दोनदा आलेलं आहे, एकदा गेलं तर काय, असं वाटेल. पण झाकल्यावर चार्ली ब्राउन पुरता निघून गेलेला नसतो. त्याच्या पाठीमागे बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा ती चौकट देते. जवळपास पन्नास वर्षं शुल्झ यांनी हे स्वतःच्या हाताने काढलं, १७,८९७ पट्ट्या. शेवटची १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापली गेली, आणि आदल्या रात्री ते वारले होते.

पान लावणाऱ्याच्या नजरेने त्या पट्टीत आणखी एक सांगतो. चारही चौकटी सारख्या मापाच्या. का, तर पेपरांना ती आडवी, उभी, किंवा दोनावर दोन अशी कशीही लावता यावी. जागा वाचवणारी म्हणूनच ती विकली गेली होती. त्या सक्तीतून शुल्झ यांनी लय काढली, ओवीच्या चार चरणांसारखी. उलट बिल वॉटरसन यांना चौकटींची सक्ती सहन होत नव्हती. रविवारच्या पट्टीची वरची ओळ पेपरवाले जागेसाठी उडवू शकत, म्हणून चित्रकाराला त्या ओळीत महत्त्वाचं काही घालता यायचं नाही. वॉटरसन भांडले, आणि १९९२ पासून ‘कॅल्विन अँड हॉब्स’ला रविवारी न तोडता येणारं अर्धं पान मिळालं. त्यानंतरच्या रविवारच्या पट्ट्या आणि आधीच्या शेजारी ठेवून बघा. कुणी कटर चालवणार नाही ही खात्री चित्रात दिसते.

घामाच्या थेंबाला नाव आहे हेही सांगून ठेवतो. ‘बीटल बेली’ काढणारे मॉर्ट वॉकर यांनी अशा खुणांना नावं दिली, आणि डोक्याभोवती उडणाऱ्या थेंबांना ‘प्ल्यूड्स’ म्हटलं. लहान मुलांबरोबर वाचताना आधी ह्या खुणा शोधायला द्या, शब्द नंतर. माझी नात पाचवीत आहे. गेल्या सुट्टीत तिला चिंटूची एक जुनी पट्टी दिली आणि पोस्टकार्ड दिलं. बराच वेळ ती कार्ड ठेवायची आणि काढायची.

“आजोबा, ही झाकली तरी कळतं.”

“मग?”

“कळतं, पण लवकर कळतं.”

तिने खाली पेन्सिलने ‘लवकर’ असं लिहिलं. मी ते पुसलं नाही. वहीत पट्ट्यांमधली जागा त्यासाठीच सोडायची. हसू कुठे आलं, कुणाला आलं, एवढं एका शब्दात लिहायचं.

वही रोज एक पट्टी या वेगानेच वाचा. मी गेल्या काही वर्षांपासून आजच्याच तारखेचं जुनं पान उघडतो. आज ८ जुलै असेल तर १९९२ चा ८ जुलै, आणि त्या दिवसापुरती तेवढी एकच.

एखादी तारीख राहून गेली असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन जुने पेपर मागा. १८३२ मध्ये सुरू झालेलं ग्रंथालय आहे ते, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. तिथे कटर नेऊ नका. पेन्सिल न्या, चौकटी मोजा, संवाद उतरवून घ्या आणि घरी येऊन वहीत त्या तारखेच्या जागी हाताने चार चौकटी आखून लिहा. चित्र येत नसेल तरी चालेल. नुसत्या चौकटी आणि शब्द पुरतात. सुट्टीमुळे पेपर निघालाच नसेल, तर तेवढी जागा कोरी सोडून खाली लिहा: पेपर नव्हता.